मधला शनिवार

"मयतीला आला, खांदा दिला, मूठभर माती टाकली आन् भाडं उतरवून निघावं तसा निघून गेला. आज तीन आठवडं झालं. उंबऱ्याला पाय लागला का त्याचा?"

साळूबाईनं काथ्याचा कुंचा चुन्याच्या बादलीत असा आपटला, की पलीकडं बसलेल्या सुनेच्या साडीवर पांढरे थेंब उडाले. सुवार्तानं ते पदरानं पुसले. सासूबाई टेम्पोवाल्या कल्याणवर घसरल्या की मध्ये तोंड घालायचं नसतं, एवढं ती अकरा वर्षांत शिकली होती.

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, काल झाला होता, ईस्टर उद्या. मधल्या शनिवारी जामखेडकडच्या त्या वाडीतली ख्रिस्ती घरं कबरस्तानात येतात, आपापल्या माणसांच्या कबरींवरचं गवत काढतात, चुना देतात. मग रविवारी पहाटे चारला सगळी वाडी मेणबत्त्या घेऊन तिथं जमते, आणि कबरींच्या मधोमध कीर्तन उभं राहतं. पेटी, मृदंग, चिपळ्या, सगळं कीर्तनासारखं कीर्तन, फक्त कथा येशूची. पाहुण्यांना त्याचं नवल वाटतं. वाडीला वाटत नाही. आज्याच्या काळापासून चालत आलंय.

चाळीस वर्षं ते कीर्तन बन्सी मास्तरांनी केलं. मास्तर म्हणजे मिशनच्या शाळेत घंटा देणारे शिपाई. पण अर्ध्या तालुक्याला गाणं त्यांनी शिकवलं, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. साळूबाई त्यांची बायको, तीही मास्तरच म्हणायची. शाळेच्या खऱ्या हेडमास्तरांना ती 'ते दुसरे' म्हणायची.

आता मास्तर त्या मातीच्या उंचवट्याखाली होते. कबर अजून बांधली नव्हती, चुना देणार कशाला? साळूबाईनं कडेनं मांडलेल्या दगडांनाच चुना द्यायला घेतला होता. एकेक दगड, खालून वरून, भाकरी शेकावी तसा फिरवून. तिचं आयुष्य भाकरीतच गेलं होतं. बोर्डिंगच्या मुलींच्या स्वयंपाकघरात छत्तीस वर्षं, रोज दोन वेळा, साठ मुलींच्या भाकरी. शाळा दुसरीत सुटली. बायबल तिनं कधी वाचलं नाही, ऐकलं. आणि जे ऐकलं ते मास्तरांच्या तोंडून.

लिंबाखालून बजरंग येताना दिसला. तो चर्चचा पंच, मास्तरांच्या कीर्तनात मृदंगावर बसणारा. गळ्यात क्रूस, नाव बजरंग. नातवाला आज्याचं नाव ठेवायची वाडीत रीत होती आणि आजा बाप्तिस्म्याच्या आधीचा होता.

"वैनी, ऊन लई हाय. सावलीला बसा की जरा."

"सावलीला बसायला तुमी गडी हायेत की. बोला, काय काम काढलं?"

बजरंगनं टोपी काढली, पुन्हा घातली. "पंचांचं ठरलंय. ह्या वर्षी कीर्तन उभं करायचं न्हाई. म्हंजी हुनार हाय, पन मास्तरांचंच. गेल्या वर्षीचं समदं मोबाईलवर भरून ठिवलंय ना. मांडववाल्या बाबाजानच्या स्पीकरवर लावायचं. आवाज हुबेहूब येतोय, वैनी. डोळं मिटलं तर वाटंल, मास्तर म्होरं उभंच हायेत."

साळूबाईचा कुंचा थांबला.

"ही अक्कल कुनाची?"

"कल्याणनं काढून दिलं. त्यो उद्या न्हाई. शिर्डीकडं लग्न हाय, बँडवाल्यांचं सामान घिऊन जायाचंय त्याला. सांजच्याला सहाला टेम्पो निघनार."

"ईस्टरला भाडं घेतलं त्यानं?"

"घेतलं."

"चाळीस वर्सं पाटंच्या गारठ्यात उभं केलं तुमी त्यांना. छातीत कफ आसला तरी उभं केलं. आता मेल्यावर तरी झोपू द्याल का न्हाई? का मेलेला मानूस बी कामाला लावताय?"

"मंग कोन उभं ऱ्हानार, वैनी?" बजरंगचा आवाज एकदम खाली आला. "माझा हात मृदंगावर पडत न्हाई. काल उत्तम शुक्रवारला वाजवाय बसलो, तर ठेकाच सुचंना. तोंडपाठ यकट्या कल्याणला हाय, आन् त्यो म्हनतो, माझ्याच्यानं हुनार न्हाई. मास्तर गेल्यापास्नं आमची डोस्की बंद पडल्यात. दार लावून पडून ऱ्हावं वाटतं."

"व्हय. येशूचे ते अकरा चेले बी आसंच दार लावून बसलं हुतं," साळूबाई म्हणाली. "येशूला मातीत घातला आन् ह्यांनी कडी घातली."

सुवार्ता हळूच हसली. हे प्रकरण तिला माहीत होतं. घरात दरवर्षी या शनिवारी ते निघायचंच.

"मास्तर सांगायचे, शुक्रवारचं लिव्हलंय, रविवारचं लिव्हलंय, मधल्या शनवारचं म्हनावं आसं काय लिव्हलेलं न्हाई. मी त्यांना इचारलं हुतं, त्या दिशी त्या अकरा गड्यांनी खाल्लं काय? रडत बसले, घाबरले, समदं खरं. पन पोट तर हुतं न्हवं? भाकरी कुनी दिली?"

"मंग मास्तर काय म्हनले?" बजरंगनं विचारलं.

"म्हनले, साळू, त्या दिशी शब्बाथ हुता, त्यांच्यात चूल पेटवत न्हाईत. मी म्हनलं, मंग शिळी आसंल. पन शिळी भाकर काय आबाळातनं पडती का? कुनीतरी बाईनं ती शुक्रवारी थापलीच आसंल. त्याला खिळं ठोकत हुते, ते बघून आली आसंल, डोळं पुसलं आसतील, आन् पीठ मळाय बसली आसंल. आन् रविवारच्या पाटं कबरीकडं कोन गेलं? त्याच बाया. गडी कडी लावून आतच." तिनं कुंचा पुन्हा उचलला. "मास्तर म्हनले, हे मी चर्चच्या पाळकसायबांना इचारतो. इचारायचं ऱ्हाऊनच गेलं."

बजरंगनं टोपी नीट केली. "मंग काय सांगू पंचांना?"

"सांगा, साळूबाई चुना देतीय म्हनावं."

*

घरी आल्यावर तिनं चूल पेटवली. गॅस होता, पण भाकरी ती चुलीवरच करायची. पीठ मळताना हात चालत राहिले आणि मन नेहमीच्या जागी गेलं, नगरच्या दवाखान्याच्या दारात.

मास्तरांच्या छातीत कळ मंगळवारी सकाळी आली. कल्याणनं भाजीची क्रेटं रस्त्यावरच उतरवली, टेम्पोत गादी टाकली, मास्तरांना घेतलं आणि नगर गाठलं. साळूबाई मागं मास्तरांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. पोरगा चाकणला कंपनीत, तो निघाला होता, पोचायला वेळ होता. दवाखान्याच्या दारावर रखवालदारानं कल्याणला विचारलं, पेशंटचे कोण तुम्ही? कल्याण म्हणाला, कोन न्हाई, टेम्पो माझा हाय. आत गेल्यावर टेबलापाशी बसलेल्या मुलीनं कागद पुढं केला. सही कोण करणार? तुम्ही मुलगा का? कल्याण दोन पावलं मागं सरला. न्हाई वो, मी त्यांचा कोन न्हाई, सोडायला आलतो. मास्तर तिथंच होते, हातभर अंतरावर, चाकाच्या खाटेवर, डोळे उघडे.

ज्या पोराला मास्तरांनी पेटी शिकवली, ओवी शिकवली, कथा शिकवली, बाप मेल्यावर जो सात-आठ वर्षं साळूबाईच्याच ताटात जेवला, तो म्हणाला, कोन न्हाई.

मग साळूबाई पुढं झाली आणि तिनं सही केली. तिला लिहिता येतात ती दोन अक्षरं, साळू.

कल्याणला काय झालं होतं, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. विशीत असताना बापाच्या ऑपरेशनच्या कागदावर त्यानं सही केली होती आणि बाप काही परत आला नाही. तेव्हापासून पुढ्यात कागद आला की त्याच्या हाताला घाम सुटायचा. टेम्पो घेतला तेव्हासुद्धा सही करताना मास्तर शेजारी हात धरून बसले होते. हे सगळं ठाऊक असल्यामुळं तिला राग नीट येत नव्हता. आणि नीट न आलेला राग लवकर जातही नाही.

आणखी एक गोष्ट होती. ती तिनं सुनेला सांगितली नव्हती, पोराला नाही, पाळकांनाही नाही. त्या संध्याकाळी मास्तरांनी डोळे उघडून विचारलं होतं, "कल्याण कुठाय?"

"गेला," ती म्हणाली होती. फार तोडून म्हणाली होती.

"सकाळपास्नं उपाशी हाय त्यो. त्याला जेवू घाल."

दुसऱ्या दिवशी मास्तर गेले. त्यांनी तिला सांगितलेलं शेवटचं काम तेवढंच होतं, आणि तीन आठवडे ते तिनं केलं नव्हतं. साठ परक्या पोरींना छत्तीस वर्षं जेवू घालणाऱ्या बाईनं एका घरच्या माणसाला भाकरी दिली नव्हती. तो येत नाही, मग मी कशाला जाऊ, असं ती स्वतःला सांगायची. सांगताना तिला ते पटत नसे, म्हणून ती रोज सांगायची.

तव्यावर भाकरी टाकली आणि पाण्याचा हात फिरवला, तेवढ्यात बाहेर खरखर झाली आणि मास्तर बोलले.

"तर मायबापहो, अजून उजाडलं न्हाई. ह्या बायांच्या हातात मयताला लावायचा सुगंधी मसाला हाय आन् पायात बळ न्हाई. यकमेकीला पुसत्यात, कबरीच्या तोंडची धोंड आपल्यासाठी कोन लोटंल?"

आवाज चर्चच्या भोंग्यावरून येत होता. वाडीभर. कोंबड्या पळाल्या. सुवार्ता दारात येऊन थिजली. साळूबाईचा हात हवेत होता तो तिथंच राहिला. मास्तरांना ठसका लागला, तोच तो, कथेत रंग चढला की लागायचा तो. आणि ठसक्याच्या मागून, लांबून, एका बाईचा आवाज आला, करवादलेला.

"पानी घ्या की आदी. कुठं पळून चाललीय का कथा?"

लोक हसल्याचा आवाज. मास्तर हसल्याचा. पाण्याचा घोट घेतल्याचा.

तो बाईचा आवाज तिचाच होता. गेल्या वर्षीचा.

तव्यावरच्या भाकरीचा करपट वास सुटला. सुवार्ता धावली आणि तिनं ती तव्यावरून खाली ओढली. बोर्डिंगपासून आजतागायत साळूबाईची भाकरी करपलेली कुणी पाहिली नव्हती.

"आत्याबाई, बसा तुमी."

"बसते कशाला. तू ऱ्हायलेल्या थाप."

चर्चपाशी बाबाजान मांडवाच्या खांबाला वायर गुंडाळत होता. मंडप, भोंगा, स्पीकर सगळं त्याचंच असायचं, लग्नाला, उरुसाला, ईस्टरला. तिला पाहून त्यानं मशीन स्वतःच बंद केलं.

"मावशी, मला वाटलं तुमाला बरं वाटंल. मी सोता ऐकत उभा ऱ्हायलो दहा मिनटं. मास्तर माझ्या पोरीच्या लग्नात बी गायलते."

"वाटलं रं बाबा. बरं बी वाटलं. म्हनूनच लावू नगंस." ती म्हणाली. "पाटंला फकस्त माईक ठिव. जित्या मानसाला लागंल आसा ठिव."

चर्चचं दार उन्हामुळं लावलेलं होतं. आत पंख्याखाली मास्तरांची मंडळी बसली होती, बजरंग आणि चौघं, पुढ्यात मृदंग झाकलेला. साळूबाईनं दार ढकललं. ऊन आत पडलं तशी सगळी डोळे बारीक करून बघायला लागली.

"मृदंगाची खोळ काढा," ती म्हणाली. "पाटंला कीर्तन हाय."

"करनार कोन, वैनी?"

"त्ये माझ्याकडं लागलं."

"त्यो सहाला निघनार हाय."

"सहा वाजायचेत."

*

कल्याणचं घर वाडीच्या टोकाला, पाण्याच्या टाकीमागं. दारात टेम्पो उभा होता, हौदा धुतलेला. बायको लेकरांना घेऊन माहेरी गेली होती. दार आतून बंद. साळूबाईच्या एका हातात डबा होता आणि काखेत फडक्यात बांधलेलं काहीतरी. घरून डबा घेऊन येताना तिनं कबरीचे उरलेले दगड उरकले होते, आणि चुन्यानं पांढऱ्या झालेल्या त्याच हातानं तिनं कडी वाजवली.

"कोन हाय?"

"कोन न्हाई," साळूबाई म्हणाली. "सोडायला आलते."

बऱ्याच वेळानं कडी निघाली.

कल्याणनं दाढी केली नव्हती. डोळे खोल गेले होते. चाळिशीचा गडी, पण दाराच्या चौकटीत तो बापाचं धोतर नेसलेल्या पोरासारखा दिसत होता. साळूबाई आत गेली नाही. उंबऱ्यावरच बसली, डबा पुढं ठेवला.

"बस."

"काकी, मला निघायचंय."

"सहाला. आता साडेचार हायेत. बस."

तो बसला. मग जमिनीकडं बघत बोलला.

"मी लई मोठं पाप केलं, काकी."

"मोठं बिठं काय न्हाई. पाप कराया बी आंगात दम लागतो. तू नुसता भ्यालास."

"मी त्यांना न्हाई म्हनलो. तीनदा न्हाई म्हनलो."

"दोनदा. मी तिथंच हुते. तिसऱ्यांदा इचारायला कोन आलंच न्हाई. आन् कोंबडा बी आरवला न्हाई, कुनाचा तरी मोबाईल वाजला. उगं सोताला पेत्र समजू नगंस, येशूला तीनदा नाकारला आन् कोंबडा आरवला त्यो."

कल्याणच्या तोंडावर हसू यायला लागलं आणि मध्येच मोडलं. त्यानं दोन्ही तळहात गुडघ्यांवर घट्ट दाबले. जे विचारायला तो तीन आठवडे घाबरत होता ते आता विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"मास्तरांनी ऐकलं का?"

खोटं बोलायला साळूबाईला एक क्षण पुरला असता. तिनं तो क्षण जाऊ दिला.

"ऐकलं. छाती बिघडलेली, कान चांगले हुते."

तो खाली वाकला. पाठ हलायला लागली. साळूबाईनं त्याला रडू दिलं, हात लावला नाही. रडून झाल्यावर ती म्हणाली, "सांजच्याला तुझं नाव काढलं त्यांनी."

"काय म्हनले?"

"म्हनले, कल्याण सकाळपास्नं उपाशी हाय, त्याला जेवू घाल."

"आन्?"

"आन् काय न्हाई. येवढंच. मी घातलं न्हाई. तीन आठवडं मी त्यांचा शबूद दाबून ठिवला, मला राग हुता म्हनून. ते माझं चुकलं." तिनं डब्याचं झाकण उघडलं. "मी चुकलं म्हनत न्हाई सहसा. ऐकून घे, पुन्यांदा म्हननार न्हाई."

डब्यात दोन भाकरी होत्या, पिठलं आणि लसणाचा ठेचा. वरची भाकरी एका कडेनं काळी. कल्याणनं ती पाहिली आणि तिच्याकडं पाहिलं.

"करपली," ती म्हणाली. "तू काढून दिलेल्या आवाजानं. तीच खायाची आदी."

तो जेवायला लागला. साळूबाई टेम्पोकडं बघत बसली. काचेवर मास्तरांनी एका नाताळाला चिकटवलेला तारा अजून होता, एक टोक निघालेला. जेवता जेवता कल्याण म्हणाला, "त्यांच्यावानी मला येत न्हाई, काकी. मदीच गळा भरून आला तर?"

"तर थांबायचं. पानी प्यायचं. मी आसनार हाय मागं, वरडायला."

तिनं काखेतलं फडकं सोडलं. मास्तरांच्या चिपळ्या. अंगठ्याच्या जागी लाकूड झिजून खळगा पडलेला. तिनं त्या डब्याच्या झाकणावर ठेवल्या.

"आता तिसऱ्यांदा मी इचारते. तू मास्तरांचा कोन?"

त्याच्या तोंडात घास होता. तो बोलायला गेला, तर नुसता आवाज निघाला. तेवढ्यात खाटेवरचा मोबाईल वाजला. बँडवाला असणार. कल्याणनं हात लांब करून तो उचलला, बघितला, आणि बंद करून पालथा ठेवला.

"आत्ता नगं सांगू," साळूबाई म्हणाली. "पाटं सांग. चार वाजता, समद्यांच्या म्होरं, उभं ऱ्हाऊन."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. चौकटीवर जिथं तिनं हात ठेवला तिथं चुन्याची पाच बोटं उमटली. चार पावलं गेली आणि वळली. पलीकडच्या अंगणात शेजारीण तांदूळ निवडायचं थांबवून ऐकत होती. साळूबाईनं आवाज मुळीच खाली केला नाही.

"तू भित्रा हायेस, कल्याण. आन् तू आमचा हायेस. दोन्ही खरं हाय, यकानं दुसरं पुसत न्हाई. पाटं येताना डबा घिऊन ये. घासून आन."